मेंदूला मार लागलेलं मूल दवाखान्यातून घरी आलं, आता आम्ही काय करायचं?

निरांजन

नमस्कार. आम्ही मिरजेजवळच्या गावात राहतो. माझा मुलगा ९ वर्षांचा, चौथीत आहे. ह्यांच्या दुचाकीवर मागे बसून येत होता. उसाच्या ट्रॉलीला चुकवताना गाडी घसरली. मुलाच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. मेंदूत उजव्या बाजूला रक्तस्राव झाला. ऑपरेशन करून कवटीचं हाड काढलं, ते सध्या पोटाच्या कातडीखाली ठेवलंय, नंतर परत बसवणार आहेत. बरेच दिवस आयसीयूत होता. आता घरी आणलंय.

जीव वाचला, यापुढे काही मागू नये असं वाटतं. पण मला काही सुचत नाहीये. सोडताना औषधांची चिठ्ठी मिळाली, फिजिओचे चार व्यायाम दाखवले, पुढची तारीख दिली. बोलतो, आम्हा सगळ्यांना ओळखतो. डावा हात आणि पाय कमजोर आहे, धरून चालतो. पण स्वभाव पार बदललाय. पूर्वी शांत होता, आता भात गरम लागला तरी ताट भिरकावतो. सकाळी काय केलं ते दुपारी आठवत नाही. ताटातलं अर्धं तसंच टाकून उठतो. संध्याकाळी कुणी भेटायला आलं की आरडाओरडा, रडणं.

सासूबाई म्हणतात, लाडाने शेफारला. ह्यांचं म्हणणं, लहान मुलांचा मेंदू ताजा असतो, सहा महिन्यांत आपोआप भरून येईल. मी पतसंस्थेत नोकरीला आहे, सुट्टी संपत आली. थोरली मुलगी सातवीत. फिजिओला आठवड्यातून दोनदा मिरजेला नेतो. तेवढं पुरेल का? घरी आम्ही काय करू शकतो? ज्यांनी हे अनुभवलंय त्यांनी कृपया लिहा.

सातमाळ

ताई, आधी हे सांगतो की तुम्ही एकट्या नाही. माझी मुलगी ६ वर्षांची असताना गच्चीवरून पडली. आता आठवीत आहे. सविस्तर रात्री लिहितो. तोवर एवढंच: तो शेफारलेला नाही. ताट भिरकावणं हा दुखापतीचाच भाग आहे. हे घरात सगळ्यांना एकदा डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. आपण सांगितलेलं पटत नाही, डॉक्टरांनी सांगितलेलं पटतं.

अंगण

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे जेवण, आंघोळ, लिहिणं अशी रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून उपचार करते. पुण्यात लहान मुलांबरोबर काम करते. मुलाला न तपासता सल्ला देणं बरोबर नाही, त्यामुळे मी लिहिते ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

आधी एक प्रश्न. ताटातलं अर्धं टाकतो म्हणालात. कुठलं अर्धं?

निरांजन

तुम्ही विचारल्यावर मुद्दाम पाहिलं. भाजी-आमटी संपवतो. चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड तशीच राहते. काकडीची कोशिंबीर त्याला इतकी आवडायची की वाटी पुढे करून मागायचा. आता बघतही नाही. म्हणजे डावीकडचं सगळं तसंच राहतं!

अंगण

तसंच वाटलं होतं. मेंदूच्या उजव्या भागाला मार लागला की डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही, असं होऊ शकतं. डोळे चांगले असतात, पण डावीकडचं जग त्याच्यासाठी जणू नसतंच. दुसरी शक्यता अशी की दोन्ही डोळ्यांचा डावीकडचा अर्धा पट्टा दिसत नसेल. दोन्हींत फरक आहे आणि तो तपासणीतच कळतो. नेत्रतज्ज्ञांकडे नेऊन दृष्टीचं क्षेत्र तपासून घ्या आणि पुढच्या भेटीत न्यूरोसर्जनना ही ताटाची गोष्ट जशीच्या तशी सांगा. ऐकूही नीट येतंय ना, तेही एकदा तपासा. डोक्याच्या दुखापतीत कानाकडे बऱ्याचदा कुणाचं लक्ष जात नाही.

तोवर घरी एवढं करता येईल. जेवायला वाढल्यावर "डावीकडे कोशिंबीर आहे, शोध बरं" असं म्हणून त्याचं बोट ताटाच्या डाव्या कडेला टेकवा आणि तिथून नजर उजवीकडे आणायला लावा. वहीचा डावा समास जाड लाल रेघेने रंगवा. वाचताना "आधी लाल रेघ शोध, मग ओळ सुरू कर". गप्पा मारायला त्याच्या डाव्या बाजूला बसा, हात लावताना डाव्या हाताला लावा. रस्त्यावर मात्र तुम्हीच त्याच्या डावीकडून चाला, कारण तिकडून येणारी गाडी त्याला जाणवणार नाही.

आता "आपोआप भरून येईल" याबद्दल. यात अर्धं खरं आहे. मुलांच्या मेंदूला नव्या वाटा काढता येतात आणि पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते. पण लहान वय म्हणजे कवच नव्हे. मेलबर्नला व्हिकी अँडरसन यांच्या गटाने वर्षानुवर्षं अशा मुलांचा पाठपुरावा केला. गंभीर दुखापत फार लहान वयात झाली तर परिणाम मोठ्या मुलांपेक्षा जास्त राहू शकतात, असं त्यांना दिसलं. कारण सरळ आहे. मोठ्या माणसाची शिकून झालेली कौशल्यं टिकण्याची शक्यता असते. मुलाला अजून सगळं शिकायचंच असतं, आणि तेही दुखावलेल्या मेंदूने.

म्हणून थांबून वाट बघू नका. आणि निराशही होऊ नका, कारण सुधारणा पहिल्या वर्षानंतर थांबत नाही.

तुमचा खरा प्रश्न, आठवड्यातून दोनदा फिजिओ पुरेल का. त्यावर मला एक अभ्यास सांगायचाय, कारण माझी काम करायची पद्धत त्यावरच उभी आहे. ब्राझीलमध्ये सारा नावाचं पुनर्वसन रुग्णालयांचं जाळं आहे. तिथल्या लुसिया ब्रागा आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. मेंदूला दुखापत झालेली ५ ते १२ वर्षांची ८७ मुलं घेतली आणि चिठ्ठी पद्धतीने दोन गट केले. एका गटाला तज्ज्ञांनी स्वतः थेरपी दिली. दुसऱ्या गटात तज्ज्ञांनी आईवडिलांना शिकवलं, चित्रांची पुस्तिका दिली आणि व्यायाम त्या घराच्या रोजच्या कामांत बसवले. वर्षाने पाहिलं तर हालचाल आणि बुद्धी दोन्ही मोजमापांत ठळक सुधारणा दिसली ती घरच्यांनी काम केलेल्या गटात. आईवडील फार शिकलेले असावे लागतात असंही आढळलं नाही.

याचा अर्थ थेरपिस्ट नको असा घेऊ नका. त्या कुटुंबांच्या पाठीशी तज्ज्ञ सतत होते. पण फिजिओकडचा तास संपला की उरलेला सगळा दिवस मूल तुमच्याकडेच असतं. तेव्हा फिजिओला सांगा, "व्यायाम मुलाकडून करून घ्याच, पण आम्हालाही शिकवा. आमच्या घरात हे कधी, कशात बसवायचं ते सांगा." चांगला थेरपिस्ट यावर खूश होतो.

कृष्णाकाठ

अंगणताई, "घरच्या कामांत बसवायचं" म्हणजे नेमकं काय, हे लिहाल का? माझ्या भाच्याच्या बाबतीतही उपयोगी पडेल.

अंगण

लिहिते. डावा हात वापरायला लावायचा असेल तर चेंडू दाबायला देऊन मूल दोन मिनिटांत कंटाळतं. त्यापेक्षा दोन हातांशिवाय होणारच नाही असं काम द्या. मटार सोलणं, लाडू वळणं, कणकेचा गोळा करणं, ओल्या रुमालाची पिळणी, डब्याचं झाकण उघडणं. डाव्या हाताने नुसतं वाटी धरून ठेवणंही काम आहे. जमलं की पुढची पायरी.

लक्ष आणि क्रम यासाठी जेवणाची पानं घेणं हे माझं सगळ्यात आवडतं काम आहे. किती माणसं, किती ताटं, आधी काय, मग काय, पाण्याची भांडी कुठे. सुरुवातीला नुसती पाण्याची भांडी मांडायची. हे जमलं की ताट-वाटी. चुकलं तर रागावायचं नाही आणि "आठव, आठव" असंही करायचं नाही.

हे जरा सविस्तर सांगते, कारण प्रत्येक घरात हेच होतं. ज्याची स्मृती दुखावली आहे त्याला सतत प्रश्न विचारून आठवायला लावलं तर तो अंदाजाने काहीतरी सांगतो आणि तो चुकीचा अंदाजच पक्का बसतो. म्हणून नवीन गोष्ट शिकवताना उत्तर आधी द्यायचं, बरोबर करून घ्यायचं, मग हळूहळू आपली मदत कमी करायची. "तुझा टॉवेल कुठे असतो सांग" असं विचारण्यापेक्षा "टॉवेल दाराच्या मागे असतो, चल घेऊ" बरं. रोज एकाच जागी, एकाच क्रमाने. आंघोळीच्या पायऱ्यांची चित्रं न्हाणीघराच्या दाराबाहेर लावा. सकाळी काय केलं ते एका वहीत त्याच्यासमोर दोन ओळींत लिहा. दुपारी विचारायचं नाही, वही उघडून दोघांनी वाचायचं.

आणि पाहुणे! "ओळखलंस का मला? सांग मी कोण?" ही आपल्याकडची प्रेमाची रीत आहे, पण त्या मुलासाठी ती दर वेळी नवी परीक्षा असते. घरी येणाऱ्याला दारातच सांगा, आत गेल्यावर स्वतःहून "मी तुझा धाकटा मामा, तासगावहून आलो" असं म्हणायचं. एका वेळी एक-दोनच माणसं, थोडाच वेळ, टीव्ही बंद. संध्याकाळी तो रडतो त्यात थकव्याचा मोठा वाटा असणार. दुखावलेल्या मेंदूला साधं बोलणं ऐकायलाही जास्त कष्ट पडतात. दिवसभरात ते साठत जातं. दुपारी अंधाऱ्या खोलीत झोप किंवा नुसती शांतता ठेवा. कठीण कामं सकाळी करा.

ताट भिरकावतो त्याबद्दल: आठवडाभर एक वही ठेवा. रागाच्या आधी काय झालं होतं, तेव्हा किती वाजले होते, कोण होतं, नंतर आपण काय केलं. बहुतेक घरांत आठवड्याने आधीचं कारण दिसू लागतं. भूक, गोंगाट, घाई, अचानक बदललेला बेत. मग त्या कारणावर काम करायचं. भात निववून वाढा. एका वेळी एकच सूचना द्या आणि दिल्यावर मनात दहापर्यंत मोजा, त्याला समजून घ्यायला वेळ लागतो. "जेव" ऐवजी "आधी भात की आधी पोळी?" विचारा. शिक्षेचा फायदा होत नाही, कारण राग आवरणारा भागच दुखावलेला असू शकतो.

फिट येऊ नये म्हणून गोळ्या चालू असतील तर त्यांचं नाव डॉक्टरांसमोर काढा. लेव्हेटिरासिटॅमने काही मुलं चिडचिडी होतात. पण गोळी स्वतःहून एक दिवससुद्धा बंद करायची नाही.

मृद्गंध

माझ्या ओळखीच्यांच्या घरी असंच मूल आहे. त्यांना मुंबईत कुणीतरी स्टेम सेल थेरपी सुचवली, खर्च लाखांत. शिवाय ब्राह्मी, घृत, तेलाच्या धारा वगैरे चालू आहे. याने फरक पडतो का?

अंगण

स्टेम सेलसाठी जमीन विकू नका, हे मी हात जोडून सांगते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेल नेहमीचा उपचार म्हणून देता येत नाही. मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतो, आणि चाचणीत रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. जिथे पैसे मागतात तिथून परत फिरा.

पोटात घ्यायच्या काढ्या-घृतांबद्दल मला बोलण्याचा अधिकार नाही. फिटच्या औषधांबरोबर काय चालतं ते न्यूरोलॉजिस्टना विचारल्याशिवाय देऊ नका, एवढंच सांगेन. आणि डोक्याला मालीश, तेलाची धार वगैरे कवटीचं हाड नसताना अजिबात नको. निरांजनताई, हे तुमच्यासाठीही. त्या बाजूवर झोपू देऊ नका, चालताना डोक्यावर संरक्षक टोपी हवी. ती जागा अचानक फुगली किंवा खूप खोल गेली, ताप आला, उलट्या सुरू झाल्या, मूल जास्त झोपाळू झालं, डोकेदुखी वाढत गेली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दवाखाना गाठा.

निरांजन

फिट आली तर काय करायचं? आमच्याकडे कांदा, चप्पल नाकाला लावतात. मला फार भीती वाटते.

अंगण

कांदा नको, चप्पल नको, तोंडात चमचा तर मुळीच नको. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी, आजूबाजूचं टणक सामान दूर. हाड नसलेली बाजू वर राहील असं पाहा. घड्याळ बघा. ५ मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली तर १०८ ला फोन. फिट थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलम या औषधाचा फवारा घरी ठेवायचा का आणि किती द्यायचा, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा. आजींना सुद्धा.

सातमाळ

लिहितो म्हणालो होतो, उशीर झाला.

माझी मुलगी पडल्यावर दुसरं वर्ष संपायच्या आतच चालायला, बोलायला, धावायला लागली. सगळे म्हणाले, बरी झाली. तिसरी-चौथीपर्यंत शाळेतही ठीक होती. पाचवीत गेली आणि गाडं अडलं. एकदम सहा-सात विषय, वेगवेगळे शिक्षक, वेळापत्रकाप्रमाणे दप्तर भरायचं, गृहपाठ लक्षात ठेवायचा. तिला सुरुवात कुठून करायची तेच कळेना. शिक्षक म्हणाले आळशी आहे. अपघाताशी याचा संबंध असेल हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही, कारण मध्ये इतकी वर्षं गेली होती.

बंगळुरूला निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या सरकारी संस्थेत दाखवलं. तिथे मानसशास्त्रीय तपासणी झाली. स्मृती, लक्ष, नियोजन, वेग असं प्रत्येक वेगळं तपासलं. त्यांनी जे समजावलं ते प्रत्येक पालकाने ऐकावं असं आहे. मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. तो लहानपणी दुखावला तरी तेव्हा उणीव दिसत नाही, कारण त्या वयात मुलाकडून त्याची अपेक्षाच नसते. नियोजन, संयम, दोन गोष्टी एका वेळी सांभाळणं, हे मागायची वेळ येते तेव्हा उणीव दिसते. म्हणून निरांजनताई, मुलगा बरा दिसायला लागला तरी फाइल बंद करू नका. पाचवी, आठवी, दहावी अशा टप्प्यांवर पुन्हा तपासणी करा. उंची-वजनही नोंदवत राहा. काही मुलांत मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीवर परिणाम होतो, त्यामुळे वाढ थांबते किंवा वयात लवकर येतात. बालरोगतज्ज्ञांना अपघाताची आठवण दर वेळी करून द्या.

मुलगी आज कशी आहे? चित्रं सुंदर काढते. गणित हळू सोडवते, पण सोडवते. मैत्रिणी कमी आहेत, ते मला सलतं. पटकन मनातलं बोलून जाते आणि मुली दुखावतात. त्यावर आम्ही रोज रात्री जेवताना थोडं बोलतो: आज काय झालं, दुसरीला काय वाटलं असेल. कुठल्याही दवाखान्यात हे शिकवत नाहीत, पण मला वाटतं तिला सगळ्यात जास्त उपयोग याचा होतोय.

अजून एक, बाबा म्हणून. गाडी तुमचे यजमान चालवत होते. ते "आपोआप बरा होईल" असं म्हणतात त्यामागे काय असेल ते मला कळतं. मुलाच्या डाव्या हाताकडे बघणं त्यांना जड जात असेल. त्यांना दोष देणारं घरात कुणी बोलत असेल तर ते थांबवा. आणि त्यांच्याकडे एक काम पूर्णपणे सोपवा. संध्याकाळचं चालणं म्हणा, आंघोळ म्हणा. त्यांचं त्यांना करू दे. मुलाचा हात हातात घेऊन रोज काहीतरी केलं की माणूस हळूहळू बोलायला लागतो.

केशर

मी बहीण म्हणून लिहिते. माझा भाऊ १० वर्षांचा असताना रिक्षा उलटून त्याच्या डोक्याला मार लागला. मी तेव्हा तुमच्या मुलीच्याच वयाची होते.

घरात सगळे त्याच्याभोवती असायचे आणि ते बरोबरच होतं. पण मला कुणी सांगितलंच नाही की त्याला नेमकं काय झालंय. मी दाराआडून ऐकून मनाशी कथा रचायचे. तो माझ्या वह्या फाडायचा तेव्हा मला "तू मोठी ना" ऐकायला लागायचं. त्याच्यावर रागावले की रात्री वाईट वाटायचं, आणि राग तर यायचाच. मित्रमैत्रिणींना घरी बोलवायची लाज वाटायची.

तुमच्या मुलीला सगळं नीट सांगा. डॉक्टरांच्या भेटीला एकदा घेऊन जा, तिला प्रश्न विचारू द्या. तिच्या वस्तूंना कुलूप लावायची जागा द्या. राग आला तर चालतो, हे तिला तुमच्या तोंडून कळू द्या. तिला छोटी आई करू नका. भावाबरोबर पत्ते खेळणं हे बहिणीचं काम, त्याला औषध देणं नव्हे. आणि आठवड्यातून थोडा वेळ फक्त तिचा ठेवा, ज्यात भावाचा विषय निघणार नाही. मी पनवेलला राहते, भाऊ माझ्याजवळच असतो, छापखान्यात काम करतो. आमचं चांगलं जमतं. तरी त्या वयात मला कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

खडू_फळा

सातारा जिल्ह्यात समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेअंतर्गत विशेष शिक्षक आहे. शाळेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर एकदम पूर्ण दिवस पाठवू नका. पहिले काही आठवडे सकाळचे दोन तास, मधली सुट्टी व्हायच्या आत घरी. आवडत्या विषयाच्या तासापासून सुरुवात. मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक दोघांना एकत्र भेटा आणि एका पानावर लिहून द्या: काय झालं, काय जमतं, काय जमत नाही, थकला की कसं ओळखायचं, फिट आली तर काय करायचं, फोन कुणाला. तोंडी सांगितलेलं शिक्षक बदलले की हरवतं. तुमच्या मुलाचं लक्ष डावीकडे जात नाही, तर त्याला वर्गाच्या डाव्या कडेला, पुढे बसवायला सांगा, म्हणजे फळा आणि शिक्षक त्याच्या उजव्या बाजूला येतील. फळ्यावरून उतरवून घ्यायला लावू नये, झेरॉक्स द्यावी. खेळाच्या तासाला मैदानावर धक्काबुक्की नको. हाड परत बसेपर्यंत तर नाहीच, आणि त्यानंतरही डॉक्टरांनी सांगितल्यावरच. मेंदू पूर्ण सावरायच्या आत डोक्याला दुसरा मार लागणं फार वाईट.

शाळेत यायला जमणारच नसेल अशा मुलांसाठी गृहाधारित शिक्षणाची सोय आहे. तालुक्याच्या गट साधन केंद्रात जाऊन विशेष शिक्षकांची चौकशी करा. मोठ्या शहरात जायच्या आधी जिल्हा रुग्णालयातलं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रही बघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ते आहे. फिजिओ, वाचाउपचार, मानसशास्त्रज्ञ एका ठिकाणी आणि मोफत. सगळीकडे सगळी पदं भरलेली नसतात, तरी चौकशी कराच.

दिव्यांग प्रमाणपत्राबद्दल: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. "मेंदूला दुखापत" असा वेगळा प्रकार त्यात नाही. त्यामुळे खिडकीवरचा माणूस "हे बसत नाही" म्हणाला तरी परत येऊ नका. दुखापतीने जे उरलं त्यावरून प्रमाणपत्र मिळतं: हातापायाची कमजोरी, दृष्टी, वाचा, बौद्धिक अक्षमता, किंवा एकाहून जास्त मिळून बहुविकलांगता. अर्ज स्वावलंबन या सरकारी संकेतस्थळावर. स्थिती अजून बदलत असेल तर डॉक्टर मुदतीचं प्रमाणपत्र देतात, पुढे पुन्हा तपासणी होते. ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. परीक्षेला लेखनिक आणि जादा वेळ मिळतो, त्यासाठी कागद आतापासून जपा. बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता नोंदली गेली तर राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजनाही मिळते, १ लाखापर्यंत, आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो.

दस्तऐवज

मी वकिली करतो. अपघाताच्या दाव्याचं लवकर पाहा. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्जाची मुदत अपघातापासून ६ महिने आहे. दवाखान्याच्या धावपळीत ती निघून जाते. घरच्याच गाडीवर मूल होतं म्हणून दावा होत नाही असं समजू नका. तुमच्या गाडीचा विमा कोणत्या प्रकारचा आहे आणि ट्रॉलीचा यात किती भाग होता, यावर ते ठरेल. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर मागे बसलेल्याच्या बाबतीत वाद निघतो, सर्वंकष विमा असेल तर बाजू बळकट असते. पोलिसांचे कागद, पॉलिसी, डिस्चार्ज कार्ड, सगळी बिलं घेऊन प्रत्यक्ष वकिलांना भेटा.

मुलं कमावत नसतात म्हणून भरपाई थोडकी, असंही नाही. १२ वर्षांच्या एका मुलीच्या मेंदूला २००७ मध्ये अपघातात गंभीर इजा झाली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची भरपाई वाढवून ६२ लाखांच्या वर नेली आणि तिची देखभाल करणाऱ्या माणसांचा खर्च आयुष्यभराचा धरला. म्हणून थेरपीच्या प्रत्येक फेरीची पावती, रिक्षाभाडं, टोपीचा, हाताला आधार देणाऱ्या स्प्लिंटचा खर्च, तुमची बिनपगारी रजा, सगळं लिहून ठेवा.

निरांजन

सगळे प्रतिसाद मी दोनदा वाचले. काल रात्री ह्यांनाही वाचून दाखवले. सातमाळदादांचं वाचताना ते उठून बाहेर गेले. थोड्या वेळाने येऊन म्हणाले, संध्याकाळचं फिरवणं माझ्याकडे.

फिजिओंना "आम्हाला शिकवा" म्हटलं. त्यांनी फोनवर व्हिडिओ काढू दिला. सासूबाईंना मटार सोलायचं काम आवडलं, त्या आणि नातू दोघं बसतात. डोळ्यांची तपासणी सोमवारी. मुलीबरोबर शनिवारी बाजारात एकटी जाणार आहे.

नोकरीचं अजून कळत नाही. आणि अजून एक विचारायचंय. काल त्याने आरशात टाक्यांची खूण पाहिली आणि विचारलं, "आई, मला काय झालं होतं?" मी विषय बदलला. काय सांगू?

केशर

नोकरी लगेच सोडू नका ताई. बिनपगारी रजा किंवा अर्धा दिवस मिळतोय का बघा. माझ्या आईने सोडली आणि पुढे तिच्या हातात स्वतःचं असं काही राहिलं नाही. झोप लागत नसेल, सतत रडू येत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

अंगण

खरं सांगा, थोडं थोडं. "गाडी घसरली. तुझ्या डोक्याला मार लागला. डोक्याच्या आत मेंदू असतो, तो हाताला, पायाला, आठवणींना सांभाळतो. त्याला जखम झाली. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. आता आपण सगळे मिळून त्याला शिकवतोय." तो पुन्हा विचारेल, बऱ्याचदा. दर वेळी त्याच शब्दांत सांगा, म्हणजे ते लक्षात राहायला मदत होते. "काही नाही झालं" म्हणू नका. त्याला हात जड लागतोय, आठवत नाहीये, हे त्याला कळतंय. आपण नाही म्हटलं तर तो एकटा पडतो. बाबांची चूक होती का, असं विचारलं तर "अपघात झाला, बाबांनाही खूप वाईट वाटतं" एवढं पुरे, आणि ते बाबांनी स्वतः सांगितलं तर उत्तम.

शाळेत जायच्या आधी एक तयारी करा. खुणेबद्दल मुलं विचारणारच. त्याचं उत्तर त्याच्या शब्दांत ठरवा, एका वाक्याचं, आणि घरी ताईबरोबर दोन-चारदा म्हणून घ्या. सोमवारच्या तपासणीत काय निघतं ते इथे कळवा, त्याप्रमाणे पुढचं सांगते.